कर्नलला मान, माणसाला धक्के

परवा हापिसात जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच. एकाच्या लॅपटॉपवर विंडोजने ऐन मीटिंगच्या तोंडावर अपडेट लावलं, तो बिचारा वीस टक्क्यांवर फिरणारं चक्र बघत डबा खात होता, आणि टेबलाच्या त्या टोकाकडून ठरलेलं वाक्य आलं: "अरे, विंडोजचं डिझाइनच मुळात भिकार आहे. लिनक्स टाक." मॅकवाला गालात हसला. (मॅकवाले भांडत नाहीत, नुसते हसतात. ते जास्त झोंबतं.) मग पाऊण तास धुमश्चक्री. कर्नल, व्हायरस, बॅटरी, फॉन्ट, स्टार्ट मेन्यू, सगळं एकाच पातेल्यात घालून ढवळलं गेलं आणि शेवटी कुणाचंही मत न बदलता मंडळी आपापल्या जागेवर गेली.

एकेकाळी ह्या लढाईत मी पहिल्या फळीत असायचो. होस्टेलवर विंडोज पुसून लिनक्स टाकणारा आमच्या विंगमधला पहिला मीच. पण हल्ली मी गप्प बसतो, आणि त्याचं कारण आमचे बाबा आहेत. ते पुढे सांगतो.

आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी शिव्या घालून निघून जावं. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा ही एक गोष्ट आहे आणि तिचा तोंडवळा ही दुसरी. आपण एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतो. हे अडाणी माणसाने केलं तर माफ आहे, पण भांडणारे सगळे बी.ई. कॉम्प्युटर आहेत हो! आणि त्याहून वाईट म्हणजे, गाभ्याच्या बाबतीत आपली जमात जी शिस्त पाळते, त्याच्या शतांशही ती तोंडवळ्याच्या बाबतीत पाळत नाही. वर त्याचा अभिमान बाळगते.

गाभा म्हणजे काय? कुठला प्रोग्रॅम कधी चालेल, कुणाला किती मेमरी मिळेल, एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला तर काय, फाइल कुणी उघडायची, ड्रायव्हर कुठे बसणार, ही सगळी खालची व्यवस्था. तोंडवळा म्हणजे बटणं, मेन्यू, सेटिंग, संदेश, आणि मुख्य म्हणजे मशीनची माणसाशी वागण्याची रीत. एसटीच्या भाषेत सांगायचं तर एक इंजिन आणि दुसरी दाराची पायरी. इंजिन घाट चढवतं हे खरंच, पण पायरी दोन फुटांवर असेल तर आजी गाडीत चढणार कशी? आणि आजी चढली नाही म्हणून तिला कुणी "इंजिनाचं मॅन्युअल वाचा" असं सांगतं का? आम्ही सांगतो.

आता एकेकाचा हिशोब करू. पहिला मान मॅकवाल्यांचा, कारण ते हसले.

१९८४ साली मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्या तोंडवळ्याच्या जवळपास जाणारं काही सामान्य माणसाला विकत मिळत नव्हतं. पुढची पंधरा वर्षं ते रूप मिरवत राहिलं. आणि आत? आत बोंब होती. एक प्रोग्रॅम स्वतःहून बाजूला झाला तरच दुसऱ्याला पाळी मिळणार. सार्वजनिक नळावर एकाने हंडा लावला आणि तो गप्पा मारत बसला की बाकीची रांग ताटकळत उभी, तसं. प्रोग्रॅमच्या मेमरीत भिंती नाहीत. एकाने गोंधळ घातला की अख्खं मशीन आडवं, आणि पडद्यावर बाँबचं चित्र. (चित्र मात्र सुबक होतं.) ॲपलने नवा गाभा बांधायचा घाट घातला, कोपलँड त्याचं नाव. तो १९९६ मध्ये गुंडाळावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि माख अधिक बीएसडी अशा घराण्याचा तो परका गाभा आत बसवून २४ मार्च २००१ ला मॅक ओएस टेन बाजारात आणली. म्हणजे आज ज्या मॅककडे बघून तुम्ही हसता, त्यातलं इंजिन ॲपलच्या जुन्या मॅकचं नाहीच. ते दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं आहे.

विंडोज ९५, ९८ आणि मी यांची कथा फारशी वेगळी नाही. त्यात प्रोग्रॅमना पाळी सक्तीने मिळायची हे खरं, पण खाली डॉस आणि सोळा बिटांचं जुनं सामान भरलेलं होतं, आणि निळा पडदा घरोघरी पोचला तो त्यामुळे. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली आणि घरगुती गिऱ्हाइकाला पहिल्यांदा एनटीचा गाभा मिळाला. एकाच वर्षी दोन्ही मोठ्या कंपन्यांनी घरगुती संगणकातलं जुनं इंजिन भंगारात काढलं. यातून पहिला धडा: गाभा सडका असेल तर तोंडवळा त्याला फार काळ तारत नाही. इथवर होस्टेलवाला मी अगदी बरोबर होतो.

आता लिनक्सवाले. "विंडोजचं डिझाइनच मुळात भिकार" म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी एनटी उघडून बघितली आहे? डेव्ह कटलर हा डेक कंपनीत व्हीएमएस बांधलेला माणूस. तो १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आला आणि जुलै १९९३ मध्ये एनटी ३.१ बाहेर पडली. ती पहिल्यापासून एकाहून जास्त प्रकारच्या प्रोसेसरांवर चालेल अशी बांधलेली होती. फाइल असो, प्रोसेस असो की रजिस्ट्रीतली नोंद, कोणाला काय करता येईल याची सविस्तर यादी प्रत्येकाला लावता येते. युनिक्सकडे तेव्हा मालक, गट आणि इतर अशा नऊ बिटांवर गाडी चालली होती. हजारो जोडण्यांचं वाचन-लेखन खोळंबा न करता हाताळायची सोय एनटी ३.५ मध्ये, १९९४ साली होती. लिनक्सला त्या तोडीची सर्वंकष सोय आयओ-युरिंगच्या रूपाने २०१९ मध्ये मिळाली. हे गाभ्याचं डिझाइन भिकार असेल तर श्रीमंत डिझाइन कुठलं ते कळवा.

मग विंडोजच्या गाभ्यात दोष नाहीत का? आहेत की. ढिगाने आहेत. पण शिव्या द्यायच्या तर योग्य पत्त्यावर द्या. तीनच सांगतो.

एक, उघडी फाइल. युनिक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव पुसलं तरी जो प्रोग्रॅम ती वापरतो आहे त्याच्यासाठी जुनी फाइल जिवंत राहते, आणि त्याच नावाने नवी आणून ठेवता येते. विंडोजमध्ये चालू प्रोग्रॅमची फाइल सहसा पुसता येत नाही, म्हणून अपडेट लावायला वारंवार रीस्टार्ट. हा गाभ्याचा निर्णय आहे. (कर्नलच बदलायचा असेल तर लिनक्सलाही बहुधा रीस्टार्ट लागतोच, उगाच मिशांना पीळ नको.) पण ते रीस्टार्ट ऐन मीटिंगआधी करणं? त्यात कर्नलचा काय दोष? तो वागणुकीचा प्रश्न झाला, म्हणजे तोंडवळ्याचा. टेबलावर दोन्ही एकाच शिवीत गेले.

दोन, १९९६ ची एनटी ४. पडद्यावर चित्रं भराभर उमटावीत म्हणून खिडक्या आणि चित्रं काढणारा भाग मायक्रोसॉफ्टने उचलून कर्नलमध्ये नेला. वेग मिळाला. पण फॉन्टची फाइल वाचण्यासारखं फुटकळ कामही आता देवघरात व्हायला लागलं. २०११ मध्ये डूकू नावाचा हेरगिरीचा प्रोग्रॅम सापडला, तो फॉन्ट वाचणाऱ्या त्याच कोडमधल्या भोकातून थेट कर्नलमध्ये शिरत होता. विंडोज १० मध्ये फॉन्ट वाचायचं काम पुन्हा बाहेर काढलं. तोंडवळा चटपटीत दिसावा म्हणून गाभ्याची भिंत पाडली, त्याचं बिल पंधरा वर्षांनी आलं.

तीन, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रॅमचा एक चुकीचा अपडेट गेला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बसलेला, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते ते आठवत असेल. चूक क्राउडस्ट्राइकची होती, पण परक्या कोडला कर्नलमध्ये राहायला जागा देणं हे गाभ्याचंच दुखणं. (लिनक्सचा कर्नलही आपले ड्रायव्हर पोटातच ठेवतो, हे विसरू नका. १९९२ च्या जानेवारीत प्राध्यापक टॅनेनबॉमनी तरुण लिनस टोरवाल्ड्झला हेच तर सुनावलं होतं: असा एकसंध कर्नल बांधणं म्हणजे मागे जाणं. टॅनेनबॉमचा मिनिक्स पुढे इंटेलच्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनात जाऊन बसला, हे २०१७ मध्ये उघड झालं. तो कोट्यवधी मशीनमध्ये आहे आणि कुणाला ठाऊकही नाही, कारण त्याला तोंडच नाही.)

आता तोंडवळ्याचे पुरावे घ्या. व्हिस्टा आणि विंडोज ७. व्हिस्टा २००७ मध्ये आली तेव्हा जगाने तिला जोड्याने मारलं. २००९ मध्ये ७ आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आतला आवृत्ती क्रमांक बघा: व्हिस्टा ६.०, विंडोज ७ म्हणजे ६.१. गाभा तोच, थोडा घासूनपुसून. तोवर ड्रायव्हर तयार झाले होते आणि दर दोन मिनिटांनी "परवानगी आहे का?" विचारणं कमी झालं होतं. मग २०१२ मध्ये ८ आली, क्रमांक ६.२. गाभा आणखी सुधारलेला, मशीन आधीपेक्षा लवकर सुरू व्हायचं. पण स्टार्टचं बटण गायब! लोकांनी ती नाकारली, आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. ६.०, ६.१, ६.२. एकच घराणं, आणि जगाचा न्याय तीन प्रकारचा. हा न्याय कशावरून झाला?

आणि लिनक्स? नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत फक्त लिनक्स आहे. सर्व्हरवर तर त्याचंच राज्य. आणि ज्या आजीला "लिनक्स अवघड आहे" म्हणून आपण डेस्कटॉपवर विंडोज देतो, ती आजी अँड्रॉइडवर, म्हणजे लिनक्सच्याच कर्नलवर, नातवाला व्हिडिओ कॉल लावते. कर्नल अवघड नव्हता हो. आम्ही त्याला जे तोंड बसवलं होतं ते अवघड होतं. दुसऱ्या कुणीतरी वेगळं तोंड बसवलं आणि अब्जावधी लोकांनी ते खिशात घातलं.

आता बाबा.

आमचे बाबा साताऱ्याला असतात. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. विसाव्या वर्षी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, रेमिंग्टनच्या मांडणीवर आजही न बघता बोटं चालतात. निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त, देखभाल खर्चाची पत्रकं, पाणी बंदची सूचना, सगळं घरच्या पीसीवर स्वतः टाइप करणार, छापणार, आणि जिन्यापाशी स्वतः टाचणीने लावणार. पीसी २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, नंतर एसएसडी घातलेली. उत्तम चालत होता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला नवा प्रोसेसर पाहिजे. खरं तर सुरक्षिततेसाठी अशी अट घालणं हे गाभ्याच्या दृष्टीने अगदीच वेडगळ नाही, त्यामागे कारणं आहेत. पण त्याच सुमारास स्टार्ट मेन्यूत ॲपच्या "शिफारशी" दाखवणं (२०२४ मध्ये सुरू झालं) आणि घरच्या मशीनलाही ऑनलाइन खातं मागणं, याला कुठल्या प्रोसेसरची गरज होती? मी तर पेटलोच. दिवाळीला घरी गेलो, फराळाच्या ताटावरच भाषण ठोकलं, आणि बाबांच्या मशीनवर लिनक्स टाकलं. तासाभरात सगळं चालू. व्हायरसची भीती नाही, पैसे नाहीत, मशीन आधीपेक्षा पळतंय. मी खूष होऊन पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "अरे, हे सेक्रेटरीपद सोडतो म्हणतायत." का? "काही नाही म्हणतात. म्हणे आता वय झालं, डोकं चालत नाही पूर्वीसारखं."

मी बाबांना फोन केला तर ते कॉम्प्युटरविषयी बोलायलाच तयार नाहीत. "तुझं ते चांगलंच असणार रे. मलाच जमत नाही." हे वाक्य मला फार लागलं. चाळीस वर्षं टाइप करणारा माणूस, इतिवृत्तात एक वेलांटी चुकू न देणारा, आणि मी तासाभरात त्याला पटवून दिलं होतं की तो म्हातारा झाला.

पुढच्या रविवारी सकाळची एसटी पकडून गेलो. ह्या वेळी भाषण नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही सूचना टाइप करून छापा, मी माउसला हात लावणार नाही, नुसता बसतो. हातात वही घेतली. दोन तासांत अकरा अडचणी लिहिल्या. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट मांडणीत होता, त्यामुळे बोटं जातील तिथे भलतंच अक्षर. रेमिंग्टनची मांडणी होती, पण वेगळं पॅकेज टाकून सेटिंगच्या तिसऱ्या पानावर. फाइल जतन करताना तिचा फोल्डर समोर दिसेना. खिडकी लहान केली की जायची कुठे तेच कळेना, कारण खालची पट्टी नव्हती. छपाईच्या खिडकीत कागद ए-फोर नव्हे तर लेटर. पासवर्ड मागणारी खिडकी इंग्रजीत, आणि तो कशासाठी हवा याचा खुलासा नाही. आणि असंच.

अकरापैकी कर्नलची किती? शून्य. ज्या कर्नलच्या जोरावर मी फराळाच्या ताटावर भाषण ठोकलं होतं, त्याने आपलं काम चोख केलं होतं. आणि बाबांना त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये एक नियम आहे, आणि टोरवाल्ड्झ तो किती कडकपणे पाळायला लावतो हे मेलिंग लिस्ट वाचणाऱ्यांना ठाऊक आहे: कर्नलमधल्या बदलामुळे वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. मोडला तर चूक कर्नलची, प्रोग्रॅमची नाही. २०१२ मध्ये एका अनुभवी सहकाऱ्याने मोडल्याचं खापर प्रोग्रॅमवर फोडलं तेव्हा त्याला चारचौघांत काय ऐकावं लागलं! मायक्रोसॉफ्टचंही तेच. जोएल स्पोल्स्कीने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: सिमसिटी हा खेळ सोडून दिलेली मेमरी पुन्हा वाचायचा. चूक खेळाची. पण विंडोज ९५ मध्ये तो खेळ ओळखून त्याच्यासाठी मेमरी वेगळ्या पद्धतीने सांभाळायची सोय केली, गिऱ्हाइकाचा खेळ बंद पडू नये म्हणून.

बघा, चुकीच्या प्रोग्रॅमलासुद्धा किती हा मान! आणि माणसाला?

२०१० मध्ये उबुंटूने खिडकीची बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला, खालची पट्टी गेली. त्याच महिन्यात उबुंटूचा युनिटी. जुलै २०११ मध्ये मॅकने स्क्रोल करायची दिशाच उलटी केली आणि तिला "नैसर्गिक" असं नाव दिलं. २०१२ मध्ये स्टार्ट बटण गेलं. २०२१ मध्ये विंडोज ११ ने ते डावीकडून मध्यात आणलं, आणि पट्टी पडद्याच्या बाजूला लावायची जुनी सोय काढून टाकली. २०२२ मध्ये मॅकची सगळी सेटिंग नव्याने मांडली. ग्नोम ३ वर वैतागून जाहीर बोंब मारणाऱ्यांत २०११ साली खुद्द टोरवाल्ड्झ होता. म्हणजे ज्याने जगातल्या प्रोग्रॅमना अभय दिलं, त्याला स्वतःला त्याच्याच डेस्कटॉपवर अभय नव्हतं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

"बदल नको म्हणजे प्रगतीच नको का?" अहो, कर्नल बदलला नाही का? लिनक्सने प्रोग्रॅमना पाळी देणारा भागच आजवर कित्येकदा बदलला: २००३ मध्ये २.६ बरोबर नवा आला, २००७ मध्ये सीएफएस, २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत ईईव्हीडीएफ. हृदय काढून दुसरं बसवलं, आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्यासाठी एक ओळही बदलावी लागली नाही. बदल करूनही करार मोडायचा नाही, हे जमतं. फक्त त्याला कष्ट पडतात, आणि प्रोग्रॅमसाठी आपण ते घेतो.

"लोकांनी शिकावं." शिकले होते हो! बाबांनी विसाव्या वर्षी रेमिंग्टन शिकली, साठीच्या आसपास माउस शिकला. प्रोग्रॅमसाठी जशी एबीआय, तशी माणसासाठी बोटांची सवय. तुम्ही एबीआय मोडली तर तो बग, आणि सवय मोडली तर ते नवं डिझाइन. हा कुठला न्याय?

"फुकट आहे, मग तक्रार कसली?" इथे मी थोडा नमतो. जी माणसं रात्री जागून डेस्कटॉपचा कोड लिहितात त्यांचं माझ्यावर कर्ज आहे, आणि अकरापैकी निम्म्या अडचणींवर कुणीतरी उपाय करून ठेवलेला होता म्हणूनच मला तो सापडला. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. माझी तक्रार आमच्याविषयी आहे, जे फुकटचा कर्नल मिरवतो आणि तोंडवळ्याच्या दोषांसाठी समोरच्या माणसाला जबाबदार धरतो. आणि ज्या कंपन्या पैसे घेऊन हे करतात त्यांना तर हे कारणही नाही.

"इंटरफेस म्हणजे नुसता मेकअप." हे मी स्वतः म्हणायचो, म्हणून ह्याचा राग जास्त. मेकअप नव्हे. सुंदर दिसणं हा तोंडवळ्याचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. काल जिथे होतं तिथे आज असणं, चुकलं तर मागे फिरता येणं, का अडलं ते माणसाच्या भाषेत सांगणं, हे खरं काम. आणि ते कर्नलइतकंच अवघड आहे. मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्यात गेल्या वर्षी आम्ही "रीडिझाइन" म्हणून जतन करायचं बटण वरून खाली नेलं. कारण? नव्या डिझाइनमध्ये तसं बरं दिसत होतं. सपोर्टला फोन वाढले तेव्हा मी, होय मीच, तिकिटावर लिहिलं: "यूझर एरर". त्या फोनांपैकी प्रत्येकामागे कुणाचे तरी बाबा असणार, "मलाच जमत नाही" म्हणणारे.

मग शेवटी श्रेष्ठ कोण, गाभा की तोंडवळा? विकत घ्यायची वेळ आली तर गाभा आधी बघा, कारण चांगल्या गाभ्यावर नवं तोंड बसवता येतं, सडक्या गाभ्याला नव्या तोंडाने वाचवता येत नाही. २००१ ने हे शिकवलं. पण गाभा फसला तर वर्षातून एखाद्या दिवशी दगा देतो, तोंडवळा फसला तर रोज सकाळी. आणि गाभा फसला की लोक कंपनीला शिव्या देतात. तोंडवळा फसला की माणूस स्वतःला शिव्या देतो. ह्या एका फरकासाठी मी तोंडवळ्याच्या बाजूने उभा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी डब्यावर भांडताना आधी ठरवा, तक्रार इंजिनाची आहे की पायरीची. आणि पायरीची असेल तर "इंजिन बघ किती भारी" हे उत्तर देऊ नका.

असो. अकरापैकी सात अडचणी त्या रविवारी सुटल्या. रेमिंग्टन पहिल्या क्लिकवर, खालची पट्टी परत, कागद ए-फोर. चार अजून आहेत. बाबांनी पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना टाइप केली, छापली, आणि स्वतः जिन्यापाशी लावून आले. सेक्रेटरीपदाचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना मला म्हणाले, "ठीक आहे आता. पण एक सांग, पुढच्या अपडेटला हे खालचं पुन्हा हलणार नाही ना?"

कर्नलचं विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून "नाही" म्हणालो असतो. ह्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. "हललं तर मी येईन," एवढंच म्हणालो आणि एसटीत बसलो.